बशीरच्या खांद्याचं माप

मंगळवार, ८ ऑक्टोबर २०२४. हवा दमट, वारा नाही. मुदस्सिर पहाटेच्या बसने रास लफानला ड्युटीवर गेला. अनमने सुरमई आणली, ताजी निघाली. हिबाचा गणिताचा पेपर बरा गेला म्हणते. दुपारी नासिरचा फोन. इंग्लंडहून बंदूक आली आहे. उद्या तिसऱ्या प्रहरी, असरच्या नमाजनंतर गाडी पाठवतो म्हणाला.

एवढं लिहून हमिदाने पेनाला टोपण लावलं आणि वही मिटली. रोज एक पान लिहायची सवय तिला रत्नागिरीच्या कॉन्व्हेंटमध्ये लागली होती. सिस्टर बेनेडिक्टा वर्गात सांगायच्या, की मुलींनो, काय घडलं ते लिहा. काय वाटलं ते देवाला ठाऊक असतं, वहीला सांगायची गरज नाही. हमिदाने हे इतकं मनावर घेतलं, की नवरा गेला त्या दिवशीच्या पानावरही फक्त वेळ, दफनाची जागा आणि मुदस्सिरने दुकानातून अब्बांचा डबा परत आणला, एवढंच होतं.

स्वयंपाकघरात अनम मासे तळत होती. सुनेने मान न वळवता विचारलं, "कसली बंदूक म्हणायची ही, अम्मा?"

"तुझ्या सासऱ्यांनी माप दिलं होतं ना, ती."

"बंदुकीला माप असतं?"

"चपलेला असतं तसं."

"अब्बांना बंदूक कशाला हवी होती? त्यांना तर झुरळ मारवत नव्हतं."

"त्यांना नव्हती हवी गो. अबू नासिरना हवी होती." आणि मग तिला ती सगळी गोष्ट सांगावी लागली. सांगताना ती स्वतःच मध्ये थांबत होती. अनमला वाटलं, सासूबाई आठवताहेत. पण हमिदाला काही आठवावं लागत नव्हतं.

गुहागरजवळच्या एका खेड्यातून हमिदाचा नवरा बशीर दोह्यात आला तेव्हा त्याला मिशीही नीट फुटली नव्हती. अबू नासिरचं, म्हणजे नासिरच्या वडिलांचं, बाजारात दुकान होतं. तंबू, दोर, कंदील, थर्मास, थंडीच्या दिवसांत वाळवंटात मुक्काम टाकणाऱ्यांना लागणारं सगळं सामान. बशीर तिथे ओझी उचलायला लागला आणि हळूहळू सगळं दुकान त्याच्या अंगावर आलं. मालकाचं आणि त्याचं वय जवळपास सारखं, उंची सारखी, अंगाची ठेवण सारखी. दर ईदला अबू नासिर थोब शिवून घ्यायचा. थोब म्हणजे तो तिथला पायघोळ पांढरा अंगरखा. शिंपी मालकाचं माप घ्यायचा आणि त्याच मापाचे दोन बशीरसाठी कापायचा. बशीरसाठी वेगळी टेप कधी निघालीच नाही.

"अल्लाने एकाच मापाने दोन माणसं कापली," अबू नासिर गिऱ्हाइकांसमोर म्हणायचा. "कापड मात्र याचं कोकणातलं. धुतलं की आटतं."

"आणि तुमचं धुतलं की पसरतं," बशीर म्हणायचा. मालकाच्या पोटाकडे बोट करायची हिंमत त्या दुकानात फक्त त्याची होती.

थंडीत अबू नासिर वाळवंटात मुक्कामाला जायचा आणि एखाद्या वर्षी परदेशात पाखरांच्या शिकारीला. बशीर बरोबर असायचा, तंबू ठोकायला, चुलीवर मच्छी भाजायला आणि बंदुका पुसून तेल लावून ठेवायला. त्याने स्वतः आयुष्यात एकही गोळी झाडली नाही. पण गिऱ्हाइकं त्यालाच विचारायची, "ही घेऊ का? पैसे वसूल होतील?" आणि तो जे असेल ते सांगायचा. अशा माणसाला दुकानात कशाला ठेवतोस, असं अबू नासिरला त्याचे भाऊ विचारायचे. गिऱ्हाईक परत येतं म्हणून, असं तो म्हणायचा.

हमिदा मुलांना घेऊन नंतर आली. दुकानाची इंग्रजी पत्रं तेव्हापासून ती लिहायची. मायन्यापासून सहीच्या जागेपर्यंत सगळं सिस्टरनी शिकवलेलं. तंबूचं कापड पाठवणारे, कंदील पाठवणारे, सगळ्यांना तिचं अक्षर माहीत होतं. पुढे ईमेल आली, तरी मजकूर तिचाच.

ती बंदूक म्हणजे अबू नासिरच्या म्हातारपणाचा हट्ट होता. इंग्लंडमध्ये एक जुना कारखाना होता. तिथे दुनळी बंदूक हाताने बनवतात आणि ज्याची त्याच्या अंगाच्या मापाची बनवतात. तीन-तीन वर्षं लागतात. किंमत ऐकून बशीरने कानाला हात लावला होता.

"त्या पैशात चांगल्या पाच येतील, बाबा."

"पाच खांदे कुठून आणू?"

"पाखराला काय, ते स्वस्तातल्या गोळीनेपण तेवढंच मरतं."

"तू पाखरांचा वकील आहेस का माझा मॅनेजर?"

पत्र शेवटी हमिदाने लिहिलं. दोह्यातल्या कतारा या सांस्कृतिक केंद्रात सप्टेंबरमध्ये शिकारीच्या सामानाचं प्रदर्शन भरतं, तिथे कारखान्याचा माप घेणारा माणूस येणार होता. नेमकं त्याच आठवड्यात अबू नासिर करोनाने पडला. घराबाहेर पडायची बंदी. गोरा माणूस चार दिवसांनी परत जाणार आणि पुढच्या वर्षी येईल का याचा नेम नाही. तेव्हा अबू नासिरने फोनवर खोकत सांगितलं, "यल्ला, तू जा. तुझंमाझं माप एकच. माझं नाव सांग आणि देऊन ये."

बशीर गेला. त्या संध्याकाळी घरी येऊन त्याने हमिदाला सगळं करून दाखवलं. "बिजागऱ्या आणि स्क्रू लावलेली खोटी बंदूक होती गो. इकडून पिळायची, तिकडून पिळायची, माझ्या गालाला बसेपर्यंत. गोरा समोर उभा राहून नळीतून माझ्या डोळ्यात बघत होता. म्हणाला, खांदा सरळ करा. मी म्हटलं, साहेब, हा एवढाच होतो."

दोघं हसले होते. त्या वेळी कोणाच्याच डोक्यात आलं नाही, की थोब ढगळ असतो आणि बंदूक ढगळ नसते.

"मग?" अनमने गॅस बंद केला.

"मग काय. सव्वा वर्षाने, जानेवारीत तुझे अब्बा गेले. दुकानात, तंबूची घडी घालताना. रमजान झाल्यावर अबू नासिरना झटका आला. बंदूक तिकडे बनतच होती. तिला कोण सांगणार?"

दुसऱ्या दिवशी नासिरची गाडी आली. हमिदाने काळा अबाया घातला, चष्मा पुसला आणि नजम्यातल्या आपल्या फ्लॅटमधून ती अल दुहैलला अबू नासिरच्या घरी गेली. रस्ताभर ती खिडकीतून बघत होती. अबू हमूरच्या कब्रस्तानाकडे जाणारा रस्ता डावीकडे राहिला. तिथे सगळ्या कबरी सारख्या, मातीचा उंचवटा आणि एक दगड. नाव कोणाचंच नाही. मुदस्सिर जाऊन येतो आणि सांगतो, अम्मा, सगळं ठीक आहे. तिथे काय बिघडणार होतं, असं तिच्या मनात येई, पण ती फक्त बरं म्हणे.

अबू नासिरला खिडकीजवळ चाकाच्या खुर्चीत बसवलं होतं. उजवा हात मांडीवर ठेवलेला होता, दुसऱ्या कोणाचा असावा तसा. झटक्यापासून तोंडातून एखाददुसराच शब्द निघायचा. हमिदाने सलाम केला. त्याने डावा हात छातीला लावला. नासिर तिला लहानपणापासून खाला, म्हणजे मावशी म्हणायचा. बशीरच्या खांद्यावर बसून त्याने उंटांच्या शर्यती बघितल्या होत्या. आता तो बापापेक्षा वीतभर उंच होता आणि त्याच्या दाढीत पांढरं आलं होतं. त्याचं हिंदी बशीरकडून शिकलेलं, त्यामुळे त्यात कोकणी हेल होता.

वेलची घातलेली कॉफी, काहवा, आला. तो संपल्यावर नासिरने टेबलावरची चामड्याची पेटी उघडली.

बंदूक सुंदर होती, हे हमिदालाही कळलं. नळ्यांच्या मुळाशी चांदीसारख्या पोलादावर उडणारी पाखरं कोरलेली. दस्ता अक्रोडाच्या लाकडाचा, मधासारखा, त्यात काळ्या रेघा.

"दिसायला छान आहे," नासिर म्हणाला. "पण हे बघा, खाला." त्याने ती उचलून खांद्याला लावली. त्याची मान वाकडी झाली, गाल हवेतच राहिला. "मला आखूड, ते ठीक. मी उंच. पण हा दस्ता बघा. वाकडा आहे. खालच्या अंगाला बाहेर गेलाय. माझ्या ओळखीच्या दोघा शिकाऱ्यांनी बघितला. दोघंही म्हणाले, बनवणाऱ्याची चूक."

नासिरने बंदूक टेबलावर ठेवली.

"मी तुमच्यापासून काय लपवू? दुकानाचं तुम्हाला माहीत आहे. लोक तंबू फोनवरून मागवतात. बाबांच्या हाताचे व्यायाम, ती नर्स, पुढच्या महिन्यात जर्मनीतले उपचार. उरलेली रक्कम भरायची म्हटलं तर मला जमीन विकावी लागेल. भरली नाही तर इसार बुडतो. पण चूक त्यांची असेल, तर इसारही परत मिळतो. पंधरा दिवसांत कळवायचं आहे. तुम्ही पत्र लिहा. तुमचं पत्र गेलं की ते लोक ऐकतात."

"बाबा काय म्हणतात?"

नासिरने आवाज खाली घेतला. "बाबांचं काय विचारता. पेटी उघडल्यापासून एकच शब्द. बशीर. बशीर, बशीर. मी सांगतो, बाबा, बशीरअंकल गेले, तुम्ही स्वतः माती दिली. तर रागावतात. डॉक्टर म्हणतात, असं होतं. डोकं मागे जातं. माझं नाव विसरत नाहीत अजून. तेवढं बरं."

खिडकीजवळून खर्जातला आवाज आला. "बशीर."

"बघा," नासिर म्हणाला.

हमिदाने बघितलं. अबू नासिर मुलाकडे बघत नव्हता. तो तिच्याकडे बघत होता, आणि ती नजर हरवलेल्या माणसाची नव्हती. दुकानात गर्दी असली आणि एखादं गिऱ्हाईक चुकीचा दोर घेऊन निघालं, की तो काउंटरवरून बशीरकडे असाच बघायचा. त्याने डावा हात उचलला आणि स्वतःच्या उजव्या खांद्यावर ठेवला. मग तो हात खाली, उतारावरून घसरावा तसा घसरवला.

ती उठून टेबलाजवळ गेली. "उचलू का?"

"भरलेली नाही. उचला."

ती जड होती. हमिदाने नळ्या टेबलावरच टेकवून ठेवल्या आणि फक्त दस्त्याचं टोक हातात घेतलं, जे खांद्याला लागतं ते. टोक सरळ कापलेलं नव्हतं. खाली आणि बाहेरच्या अंगाला कललं होतं. तिने त्यावर तळवा ठेवला.

बशीर लहानपणी रातांब्याच्या झाडावरून पडला होता. मानेखालचं हाड मोडलं. गावातल्या हाडं बसवणाऱ्या म्हाताऱ्याने बांबूच्या कामट्या बांधल्या आणि ते हाड वाकडंच जुळलं. उजवा खांदा डाव्यापेक्षा खाली राहिला, थोडा पुढे आला. अंगात कपडे असले की कोणाला दिसायचं नाही. शिंप्याला दिसलं नाही. मुदस्सिरलाही ठाऊक होतं की नाही कोण जाणे. तो उतार हमिदाला मात्र अंधारात, डोळे मिटूनही माहीत होता, कारण लग्न झाल्यापासून तिचं डोकं त्याच उतारावर टेकत आलं होतं.

लाकूड थंड होतं आणि फार गुळगुळीत होतं. तळवा तिथे बसला.

"खाला?"

तिने तळवा उचलला नाही. सिस्टर बेनेडिक्टांच्या ओळी तिला कधी अडचणीच्या वाटल्या नव्हत्या. काय घडलं ते लिहा. आता नासिर तिला लिहायला सांगत होता, की हे माप चुकीचं आहे. डिअर सर्स, दस्ता सदोष आहे. तीन ओळींचं काम होतं. नासिरची जमीन वाचली असती, इसारही परत आला असता. गोऱ्या लोकांचं काही बिघडलं नसतं, त्यांच्याकडे पैसा होता. फक्त बशीरचा खांदा ही एक चूक होती असं तिच्या अक्षरात लिहिलं गेलं असतं. आणि खिडकीजवळचा म्हातारा उरलेलं आयुष्य या घरात डोकं फिरलेला म्हणून जगला असता.

"नासिर, बस जरा," ती म्हणाली. "तुझ्या बाबांचं डोकं ठीक आहे."

"म्हणजे?"

"ते बशीरना बोलवत नाहीयेत. ही बशीरची आहे, असं सांगताहेत तुला."

मग तिने त्याला सांगितलं. करोना, प्रदर्शन, खोटी बंदूक, रातांब्याचं झाड. नासिर आधी हसल्यासारखा झाला, मग त्याने बापाकडे बघितलं. अबू नासिरच्या चेहऱ्याची एकच बाजू हलत होती. त्या बाजूच्या डोळ्यातून पाणी येत होतं आणि तो जोरजोरात मान हलवत होता, अखेर कोणाला तरी रस्ता सापडला अशी.

नासिर उठून खुर्चीपाशी गेला आणि बापाच्या पायाशी गालिच्यावर बसला. "मला का नाही सांगितलंत?" तो म्हणाला, आणि लगेच त्याचं त्यालाच कळलं. त्याने बापाचा लुळा हात घेऊन आपल्या डोक्यावर ठेवला. नोकराणी कप न्यायला आली आणि दारातूनच परतली.

"मग ही ठेवू," नासिर एकदम म्हणाला. "चूक नाही तर नाही. जमीन विकू. इथे या भिंतीवर लावू. तुम्ही कधीही या, खाला, बघून जा. तुम्ही फक्त हो म्हणा. वाजवी किंमत आहे म्हणा."

हमिदाचा हात अजून दस्त्यावर होता. या जगात बशीरच्या अंगाचं माप असलेली ही एकच गोष्ट उरली होती. थोब तर दोघांचे होते, तेही तिने वाटून टाकले होते. कबरीला नाव नव्हतं. फोटोत तो नेहमी कोणाच्या तरी मागे उभा असायचा. भिंतीवर लावली तर ईदला येऊन हात लावता येईल. हो म्हणायला काय लागतं? मुलगा स्वतःहून म्हणतोय. तिने तोंड उघडलं, आणि तिला दुकानातला बशीर दिसला, काउंटरवर हात टेकून उभा, गिऱ्हाईक विचारतंय, घेऊ का, आणि मालक मागून खुणा करतोय की हो म्हण.

"नाही," ती म्हणाली. "तेवढ्याची नाही ती."

"पण खाला—"

"तुला आखूड, बाबांना उचलत नाही. जी कोणाच्याच खांद्याला लागत नाही त्या बंदुकीसाठी जमीन विकायची नसते. बशीरना विचारलं असतंस तर त्यांनी हेच सांगितलं असतं. आधीच सांगितलं होतं, तुझ्या बाबांनी ऐकलं नाही."

अबू नासिरच्या घशातून एक आवाज आला. नासिर घाबरला, पण हमिदाला ते हसू ओळखता आलं. म्हाताऱ्याने डावा हात पुढे केला. नासिरने बंदूक आणून त्याच्या मांडीवर ठेवली. अबू नासिरने दस्त्यावर दोनदा थोपटलं. दुकान बंद करताना तो बशीरच्या खांद्यावर असंच थोपटायचा, चल, झालं आजचं, म्हणून.

"खलास," तो म्हणाला. हा शब्द स्वच्छ उमटला.

पत्र तिने तिथेच, नासिरच्या लॅपटॉपवर लिहिलं. बंदूक मापाप्रमाणे अचूक बनली आहे. ज्यांच्या अंगाचं माप आपण घेतलंत ते गृहस्थ हयात नाहीत, आणि ज्यांच्या नावे माप घेतलं ते आता शिकार करू शकत नाहीत. सबब बंदूक परत पाठवत आहोत. इसाराबाबत करारात ठरलं आहे ते आम्हाला मान्य आहे. कारागिरांचे आभार. शेवटचं वाक्य नासिरने सांगितलं नव्हतं, तिने घातलं होतं.

"ते तिचं काय करतील?" तिने चष्मा त्याच्या डबीत ठेवत विचारलं.

"विकतील दुसऱ्याला. कारखान्याचा माणूस सांगत होता, लाकूड तापवून तेल लावून वाकवतात, थोडं तासतात. नव्या माणसाच्या मापाचं होतं."

"हं," हमिदा म्हणाली. "अक्रोडाचं लाकूड चांगलं असतं. होईल."

निघताना नासिर गाडीपर्यंत आला. दार धरून तो उभा राहिला आणि काहीतरी बोलायचं म्हणून म्हणाला, "इन्शाल्ला, ईदला याल ना?"

"येईन की. तू त्यांच्याशी बोलत जा. त्यांना सगळं कळतं."

घरी हिबा दारातच भेटली. आठ वर्षांच्या नातीला मराठी सगळं समजायचं, उत्तर मात्र इंग्रजीत यायचं. "दादी, वॉज इट दादाज गन?"

"नाही बाय. दुसऱ्यांची होती."

"कॅन आय सी इट?"

"गेली ती परत. चल, हात धू, जेवायला बस."

अनमने तिच्या चेहऱ्याकडे बघितलं. तिने सुरमईचं कालवण गरम केलं, तांदळाच्या दोन भाकऱ्या तव्यावर टाकल्या. मुदस्सिरचा फोन आला, तो उद्या सुट्टीवर येणार होता. हमिदाने त्याला खांद्याबद्दल विचारायचं मनात आणलं, तुला माहीत होतं का रे, म्हणून. मग नाही विचारलं. नसेल माहीत तर आता सांगून काय करायचं, आणि असेल तर ते तिला ऐकायचं नव्हतं.

जेवण झाल्यावर तिने वही उघडली. तारीख घातली, हवा लिहिली. अल दुहैलला जाऊन आले, असं लिहिलं. पत्र लिहून दिलं, बंदूक परत जाईल. पुढे पेन थोडा वेळ कागदावर टेकून राहिलं, तिथे शाईचा ठिपका पडला. मग तिने ओळ पुरी केली: पिण्याच्या पाण्याचे दोन कॅन आले. उशांचे अभ्रे धुऊन घातले, माझा आणि ह्यांचा, दोन्ही.